डबापार्टीचे बारा महिने : प्रस्तावना

भाद्रपदातल्या ज्येष्ठा गौरींना नागपूरकडे महालक्ष्म्या म्हणतात, आणि महालक्ष्म्यांचे जेवण म्हणजे काय हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पुरणपोळी, तिच्यावर धार धरून वाढलेले तूप, ज्वारीची आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या, आणि पंगतीमागून पंगत. नातेवाईक येतात, शेजारी येतात, नवऱ्याच्या ऑफिसातले येतात, त्यांनी बरोबर आणलेलेही येतात. कुणाला नाही म्हणायचे नसते. ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात त्या घरातल्या बायका आदल्या रात्रीपासून चुलीपाशी असतात आणि पुरण संपत आले की शेवटच्या पंगतीला बसतात. वैदर्भीय पाहुणचाराचा हा कळस आहे आणि त्याची रीत सरळ आहे. एक घर देणार, बाकीची घरे घेणार. मान देणाऱ्या घराचा, कष्ट त्या घरातल्या बाईचे.

या पुस्तकातल्या जेवणांची रीत याच्या नेमकी उलट आहे. नागपुरातली काही कुटुंबे महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गच्चीवर, अंगणात किंवा शेतावर जमतात. त्या महिन्याचा एक विषय आधी ठरतो आणि प्रत्येक घर त्या विषयातला एक पदार्थ करून आणते. जागा एकाची, जेवण सगळ्यांचे. तरुण मंडळी याला पॉटलक म्हणतात, त्यांच्या आया डबापार्टी म्हणतात. पाककृतींची पुस्तके मराठीत भरपूर आहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आले, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली, आणि त्यानंतर तर गणतीच नको. ही सगळी पुस्तके एका घरातल्या एका स्वयंपाकघराशी बोलतात. आठ-दहा स्वयंपाकघरांनी मिळून एक जेवण कसे उभे करायचे यावर मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. म्हणून हा उद्योग.

कल्पना परदेशातून आली असे सर्रास म्हटले जाते. अर्ध्यापुरते ते खरे आहे. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचा निम्मा संसार याच पद्धतीवर चालत आला. शिकागोचे मंडळ १९६९ सालचे, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. आचारी नाही, मांडववाला नाही, मोलकरीण नाही, अशा ठिकाणी गणपती बसवायचा तर एकीने मसालेभात, दुसरीने मटकीची उसळ आणि तिसरीने श्रीखंड आणण्याला पर्याय नव्हता. सुट्टीत घरी आलेल्या मुलांनी ती सवय बरोबर आणली. पण गोपाळकाला काय होता? गाई चारायला गेलेल्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची भाकर, कुणाचे दही, कुणाचे लोणचे, सगळे एकत्र कालवले आणि वाटून खाल्ले. आषाढी वारीची सांगता पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात होते ती काल्यानेच, आणि गावोगावच्या सप्ताहांचा शेवटही काल्याच्या कीर्तनाने होतो. श्रीमंत घरची शिदोरी आणि गरीब घरची शिदोरी एका भांड्यात गेली की कुणी काय आणले ते कळेनासे होते. डबापार्टीचा पहिला नियम बनवायचा तर याहून चांगला सापडणार नाही.

कार्तिकातले आवळी भोजन हे तर उघडउघड डबापार्टीच. आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचे, आणि झाड घरी नसल्यामुळे जेवण डब्यात भरून न्यायचे. नागपूरच्या जुन्या वस्त्यांमधल्या बायकांचे घोळके अंबाझरी, तेलंगखेडीकडे यासाठी जात. घराबाहेर पडून, पुरुषांना वाढण्याची जबाबदारी नसताना, स्वतःच्या मैत्रिणींबरोबर बसून जेवण्याची परवानगी धर्माने ज्या मोजक्या दिवशी दिली त्यांपैकी हा एक. त्याचा फायदा आमच्या आज्यांनी पुरेपूर घेतला.

आणि भुलाबाई. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला, हादगा; विदर्भात आणि खानदेशात भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई आणि भुलोजी बसतात, मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि प्रत्येक घरची खिरापत झाकलेल्या डब्यात असते. ओळखल्याशिवाय ती मिळत नाही. डबा हलवून पाहायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, गोड की तिखट ते विचारायचे. मुलींनी ओळखू नये म्हणून आया महिनाभर डोके चालवतात. विषय ठरवून जेवण करण्यात जी गंमत आहे तिची ही बालवाडी. आमच्या ऑक्टोबरच्या बैठकीत आम्ही हाच खेळ मोठ्या माणसांना खेळायला लावतो, आणि लहान मुलांपेक्षा मोठी माणसे त्यात जास्त रडीचा डाव खेळतात असे दिसून आले आहे.

इथपर्यंत परंपरा आपल्या बाजूने बोलते. पण एक गोष्ट टाळून पुढे गेलो तर ही प्रस्तावना अर्धवट राहील. जुन्या काळात घरांनी एकत्र येऊन जेवण केले ते बहुतेक शिध्यावर. प्रत्येक घर तांदूळ, डाळ, गूळ, तूप देई किंवा वर्गणी देई आणि शिजवण्याचे काम सगळ्यांना चालेल अशा आचाऱ्याकडे जाई. कच्चे धान्य कुणाकडूनही चाले. तळलेले काही वेळा चाले. पाण्यात शिजलेले वरण-भात मात्र कुणाच्या हातचे खायचे आणि कुणाच्या नाही याचे काटेकोर नियम होते, आणि ते जातीचे नियम होते. आवळी भोजनाचे डबे एकत्र उघडले जात ते एकाच जातीच्या, फार तर शेजारच्या जातीच्या बायकांमध्ये. घरी शिजवलेले अन्न डब्यात घालून कुणाच्याही पानात वाढता येणे ही गोष्ट महाराष्ट्रात फुकट मिळालेली नाही.

मुंबईत १८४९ साली निघालेल्या परमहंस सभेचे सभासद एकत्र बसून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खात, तेही दारे लावून, गुपचूप. पुढे समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घातली, आणि तीही उघड्यावर. झुणका-भाकर निवडण्यात शहाणपण होते, कारण ती सगळ्यांच्या घरची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये स्पष्ट सांगितले की नुसत्या सहभोजनाने जात जाणार नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाहाचा. ते बरोबरच होते. महिन्यातून एकदा एकमेकांच्या हातचे खाल्ल्याने आम्ही काही क्रांती करतो आहोत असा आव या पुस्तकात कुठेही नाही. तरी याच शहरात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली, आणि आजही अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर दूरदूरहून माणसे शिदोरी बांधून येतात, रस्त्याच्या कडेला नागपूरची माणसे त्यांना जेवू घालतात. या शहरात बसून डबा उघडताना तो इतिहास ताटाच्या बाहेर ठेवता येत नाही. आमच्यातल्या एका आजोबांनी पहिल्या बैठकीला ‘वरणभात कुणाकडचा आहे?’ असे विचारले होते. उत्तर मिळाल्यावर त्यांनी तो वाढून घेतला. त्यावर पुढे कुणी काही बोलले नाही, आणि तेच बरे झाले.

नागपूर या कामाला सोयीचे शहर आहे हेही खरे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १८७७ साली सुरू झाली, १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, आणि मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची, राजधानी म्हणून हे शहर १९५६पर्यंत हिंदी आणि मराठी दोन्ही मुलखांचे कारभारी होते. गिरणीने, रेल्वेने आणि सचिवालयाने माणसे आणली: बंगाली, तेलुगू, तमिळ, छत्तीसगढी, पारशी, फाळणीनंतर सिंधी आणि पंजाबी. महाल भागातल्या वाड्यात वाढलेल्या मराठी मुलालाही शेजारच्या घरची माछेर झोल किंवा सिंधी कढी ठाऊक असते. म्हणून आमच्या यादीत ‘बंगाली जेवण’, ‘दाक्षिणात्य जेवण’ असे विषय आले नाहीत. ती घरे यादीतच आहेत, आणि महिन्याचा विषय त्यांच्या पद्धतीने सोडवतात. तिळाच्या महिन्यात एका घराने पोस्तो आणला. खसखस म्हणजे तीळ नव्हे असा आक्षेप निघाला, थोडी वादावादी झाली, पोस्तो मात्र आधी संपला.

आता विषयाबद्दल. भिशीच्या बायकांनी विषय हा प्रकार नागपुरात रुळवला, पण तिथे तो बहुधा कपड्यांचा असतो: लाल साडी, पांढरी साडी, जुन्या सिनेमातली नायिका. जेवणाला त्या विषयाशी काही देणेघेणे नसते, पनीर आणि फ्राइड राइस ठरलेले. काही दिवस आम्हीही ‘इटालियन’, ‘मेक्सिकन’ अशा चिठ्ठ्या काढल्या. त्यातून एकच निष्पन्न झाले, ते म्हणजे सगळ्यांनी एकाच दुकानातून एकाच कंपनीचा सॉस आणला. त्यानंतर विषय बाजाराकडून घ्यायचा असे ठरले. गोकुळपेठच्या बाजारात या महिन्यात काय उतरले आहे, त्यावर जेवण. या एका बदलाने सगळे जमून आले. ऋतूचा पदार्थ असला की प्रत्येक घराकडे त्याची आपली रीत असते, आणि आपली रीत दुसऱ्याला दाखवायची हौस तर असतेच.

मे महिन्याचे उदाहरण घ्या. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदवले गेले. अशा महिन्यात माणसाने माणसाला जेवायला बोलावू नये, असे मुंबई-पुण्याच्या लोकांना वाटते. आम्ही रात्री नऊनंतर गच्चीवर पाणी शिंपडतो, कूलर ओढून आणतो आणि आमरस-सरगुंडे करतो. सरगुंडे ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी: घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक लांब दोरी वळायची, ती बारीक काडीभोवती गुंडाळायची, काडी काढून घ्यायची आणि उरलेली वेटोळी वाफवायची. मग ती आमरसात बुडवून खायची. एका माणसासाठी करायला अर्धा तास लागतो, पंचवीस माणसांसाठी करायला एकटी बाई बसली तर ती आमरस संपल्यावरच उठेल. म्हणूनच घरोघरी सरगुंडे बंद पडत चालले होते. दहा घरांनी आपापल्या वाट्याचे वळून आणायचे ठरवले तेव्हा ते परत आले. मोठे, मेहनतीचे, विस्मरणात चाललेले पदार्थ एका स्वयंपाकघराच्या आवाक्याबाहेर गेले आहेत. ते टिकायचे असतील तर अनेक हातांनीच टिकतील. कुरडया, सांडगे, पापड या वाळवणांबद्दल हे सगळ्यांना ठाऊक होते, त्यासाठी शेजारणी एकमेकींच्या गच्चीवर जातच. पुडाच्या वडीबद्दल, म्हणजे आमच्या सांभारवडीबद्दल, आणि गोळाभाताबद्दलही तेच म्हणायची वेळ आता आली आहे.

पावसाळ्याचे प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांब आहे, आणि माझ्या मते सगळ्यात चांगले. मृगाचा पाऊस स्थिरावला की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या बाजूच्या रानातून भाज्या शहरात येतात: तरोटा, काटवल, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, आणि नशीब असेल तर वारुळावर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे अळंबी. शहरातल्या बहुतेक घरांना यातली एखादीच भाजी करता येते. चार घरांना चार येतात. या बैठकीला आम्ही पदार्थाबरोबर कच्ची भाजीही थोडी आणायला सांगतो, म्हणजे पानाचा आकार डोळ्यांत बसतो. अळंबीच्या बाबतीत मात्र ज्याच्या घरी पिढ्यानपिढ्या ती खाल्ली जाते त्यानेच निवडायची, दुसऱ्याने हौस करायची नाही. हा नियम मोडता येत नाही.

जानेवारीतली रोडग्यांची बैठक वेगळ्या कारणाने महत्त्वाची. रोडगे मारोतीला नवसाचे करतात, शेतावर करतात, आणि करणारे बहुतेक पुरुष असतात. जाड दळलेल्या कणकेत ओवा, मीठ, तेलाचे मोहन. थर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. बरोबर वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. इथे डबा नसतो, शिधाच असतो: एका घरची कणीक, एकाची तुरीची डाळ, एकाची वांगी, एकाच्या गोवऱ्या. वर्षभर ‘आमच्याकडून मी काय आणू, कोल्ड्रिंक?’ असे विचारणारे नवरे या दिवशी घामाघूम होऊन निखारे सारखे करत असतात. मग प्रश्न असा पडला की वर्षातून एकदा ज्यांना पंचवीस माणसांचा स्वयंपाक येतो, त्यांना बाकीचे अकरा महिने काय होते? त्यावर झालेल्या चर्चेचे सार असे की आता प्रत्येक घराने एकाआड एक महिना पुरुषाच्या हातचा पदार्थ आणायचा. विकत आणलेली संत्रा बर्फी यात मोजली जात नाही, नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी.

सावजीचा उल्लेख केला नाही तर नागपूरकर पुस्तक मिटून ठेवतील. कोष्टी समाजाच्या घरांतून आलेला हा तिखट, काळपट, तर्रीदार रस्सा बाहेरच्या जगाला नागपूरची एकमेव खूण वाटतो. १९५३च्या नागपूर करारानुसार हिवाळी अधिवेशनासाठी इथे येणाऱ्यांनी त्या कीर्तीत भरच घातली आहे. आमच्यात शाकाहारी घरे निम्मी आहेत. सुरुवातीला दोन टेबले लावली, तेव्हा दोन वेगळ्या पार्ट्या झाल्या. आता टेबल एकच असते, एका टोकाला मटणाचा रस्सा, दुसऱ्या टोकाला पाटोडी रस्सा, डाव वेगळे, आणि डब्यावर नाव. मसाला मात्र दोन्हीकडे तोच असतो, आणि मधल्या जागेत बसून पोरे दोन्हीकडच्या तर्रीची तुलना करतात. श्रावणात मटणाचे टोक बंद, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. कोण काय आणणार हे आधी न ठरवल्यास सगळे गोड आणतात आणि भात कुणीच आणत नाही. प्रत्येक घराने आपल्या माणसांना पुरेल त्याच्या दुप्पट आणावे. सगळ्यांना पोटभर पुरेल इतके प्रत्येकाने आणले तर अर्धे उरते, आणि उरलेले अन्न कुणी न्यायचे यावरून निघणारा आग्रह जेवणापेक्षा लांबतो. रस्सा गाडीतून नेताना पातेल्यावर झाकण ठेवून ओढणीने बांधण्याची जुनी रीत कुठल्याही कॅसरोलपेक्षा खात्रीची. गरम पदार्थ गरम आणि थंड पदार्थ थंड राहिले पाहिजेत. शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि आमच्या उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त नाही. दही आणि ओले खोबरे घातलेले काही मे महिन्यात आणूच नये.

पॅरिसच्या सतराव्या विभागात १९९९ साली शेजाऱ्यांच्या मेजवानीचा एक उपक्रम सुरू झाला. एका इमारतीतली माणसे एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून वर्षातल्या एका संध्याकाळी सगळ्यांनी आपापले काहीतरी आणून अंगणात बसायचे. तो आता अनेक देशांत पसरला आहे. त्याबद्दल वाचले तेव्हा प्रथम थोडे हसू आले; शेजाऱ्याशी बोलायला उपक्रम कशाला? पण नागपुरातही वाड्यांच्या जागी फ्लॅट उभे राहिले. समोरच्या दारावरची पाटी वाचून आडनाव कळते, घरात किती माणसे आहेत ते कळत नाही. त्यांना जेवायला बोलावण्याइतकी ओळख नसते. ‘आम्ही गच्चीवर जमतोय, तुम्ही भाजी घेऊन या’ एवढे म्हणता येते. यजमान एकच असला की ओळख आधी लागते, दहा असले की ती जेवता जेवता होते. हातात स्वतःचा डबा घेऊन आलेला माणूस संकोचत नाही, कारण तोही देणाराच असतो. हे पुस्तक करण्यामागचे खरे कारण ते आहे.

डबापार्टीमुळे महालक्ष्म्यांची पंगत बंद पडावी अशी इच्छा मुळीच नाही. आमच्यातल्या तीन-चार घरी महालक्ष्म्या बसतात, आणि त्या दिवसांत आम्ही सगळे पाहुणे म्हणून जातो, भरपूर जेवतो, तुपाला नाही म्हणत नाही. एवढाच फरक पडला आहे की आदल्या दिवशी पुरण वाटायला आता बाकीच्या घरांतूनही कुणीतरी जाते. ज्या घरांत सोवळ्यामुळे ते चालत नाही, तिथे भाज्या निवडून चिरून देतो.

पुस्तक वापरताना तीन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. महिने इंग्रजी दिले आहेत, सण तिथीने येतात, त्यामुळे एखाद्या वर्षी, विशेषतः अधिक मास असेल तेव्हा, बैठक पुढे-मागे करावी लागेल. मापे वाटीची आहेत आणि वाटी प्रत्येक घरची निराळी असते, म्हणून एकच वाटी शेवटपर्यंत ठेवावी. तिखटाचे प्रमाण नागपूरचे आहे. विदर्भाबाहेरच्यांनी निम्म्याने सुरुवात करावी, आणि कोकणातल्यांनी त्याच्याही निम्म्याने.